आघाताच्या स्मृतीला जागा : सजग ध्यानाविषयी प्रस्तावना

मराठवाड्यातील कोरडवाहू खेड्यांच्या संदर्भात मानसिक आघाताचा विचार करू लागले की पहिली अडचण काळाची उभी राहते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत 1980 साली 'आघातोत्तर तणाव विकृती' हे निदान प्रथम दाखल झाले, तेव्हा अभ्यासकांच्या नजरेसमोर प्रामुख्याने व्हिएतनामहून परतलेले सैनिक होते. त्यांचे युद्ध संपले होते आणि त्याची भीती तेवढी मागे उरली होती. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगावसारख्या गावात मात्र घटना आणि तिची छाया यांची अशी फाळणी करता येत नाही, कारण ज्या कर्जापायी घरातील कर्ता माणूस गेला ते कर्ज सातबाऱ्यावर तसेच असते, ज्या गोठ्यात त्याचा अंत झाला तो गोठा दुसऱ्या दिवशी सकाळी झाडावाच लागतो, आणि पुढच्या मृगाला बियाण्यासाठी त्याच दुकानाची पायरी चढावी लागते. नोव्हेंबर 2023 मध्ये गोरेगाव परिसरातील शेतकऱ्यांनी, कर्ज फेडण्यासाठी आपले मूत्रपिंड, यकृत, डोळे विकत घ्यावेत अशी मागणी शासनाकडे केली, तेव्हा ती बातमी काही दिवस राज्यभर गाजली आणि मागे पडली. त्या मागणीत आंदोलनाची भाषा होती हे खरेच. तरी स्वतःच्या शरीराकडे विक्रीयोग्य शेवटची मालमत्ता म्हणून पाहण्याची वेळ माणसावर आली, ही गोष्ट मानसशास्त्राच्या अभ्यासकाने विसरता कामा नये. 'आता लक्ष शरीराकडे आणा' या सूचनेने सुरू होणारी कोणतीही ध्यानपद्धती अशा माणसाकडे नेमके काय मागत असते, हा प्रश्न प्रस्तुत विवेचनाच्या मुळाशी आहे.

येथे 'आघात' हा शब्द केवळ मोठ्या दुःखासाठी वापरलेला नाही. ज्या अनुभवापुढे माणसाची समजून घेण्याची, प्रतिकार करण्याची आणि पळून जाण्याची अशा तिन्ही शक्ती एकाच वेळी अपुऱ्या पडतात, आणि म्हणून जो अनुभव साध्या आठवणीसारखा मागे सरकत नाही, त्या अनुभवाच्या मनावर आणि शरीरावर उरलेल्या परिणामाला आघात म्हणावे. साधी आठवण माणूस काढतो. आघाताची आठवण माणसावर येते. कीटकनाशकाचा वास, रात्री-अपरात्री वाजलेला फोन, पोलिसाच्या गाडीचा आवाज, पोळ्याच्या दिवशी रिकामे राहिलेले दावे, अशा एखाद्या निमित्ताने छाती धडधडू लागते, हातपाय गार पडतात आणि घटना पुन्हा घडत असल्याचा प्रत्यय येतो. काहींच्या बाबतीत याच्या उलट घडते: शरीर बधिर होते, रडू येत नाही, लेकराचे बोलणे कानावर पडते पण पोचत नाही. गावात याला 'जीव घाबरा होणे', 'डोकं काम न करणे', 'कशातच मन न लागणे' असे म्हटले जाते, आणि ही वर्णने वैद्यकीय परिभाषेपेक्षा कोठेही उणी नाहीत.

'सजगता' म्हणजे वर्तमान क्षणी शरीरात, मनात आणि भोवताली जे घडत आहे त्याची, त्यावर लगेच निवाडा न देता, जाणीव ठेवणे. आणि ही जाणीव नियमाने वाढवण्याच्या अभ्यासाला येथे सजग ध्यान म्हटले आहे. आघातावर अशा ध्यानाने उपचार होतो, असा सरसकट दावा केला जातो तेव्हा ध्यान मनात खोल उतरून दडलेली वेदना बाहेर काढते, अशी कल्पना त्यामागे बहुधा असते. ती कल्पना अपुरी आहे, आणि नवख्या हातात ती घातकही ठरू शकते. सजग ध्यानाचे आघाताच्या संदर्भातील काम त्याहून साधे आहे: स्मृती आणि ती सोसणारा माणूस यांच्यामध्ये थोडी जागा निर्माण करणे, जेणेकरून स्मृती आली तरी ती येत आहे हे त्या माणसाला कळेल, आणि तिच्याकडे किती वेळ पाहायचे व केव्हा नजर वळवायची हे ठरवण्याचा अधिकार त्याच्या हाती राहील.

ही जागा कोठे असते, याचे एक उपयुक्त वर्णन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डॅनियल सीगल यांनी 1999 साली मांडले. प्रत्येक माणसाच्या मज्जासंस्थेला उत्तेजनेचा एक मधला पट्टा पेलता येतो. त्या पट्ट्यात असेपर्यंत माणूस दुःखी असला तरी विचार करू शकतो, बोलू शकतो, दुसऱ्याचे ऐकू शकतो. या पट्ट्याच्या वर गेल्यास भीती, संताप आणि थरकाप यांचा ताबा सुरू होतो, खाली गेल्यास बधिरता येते. आघाताने हा पट्टा अरुंद होतो, आणि पट्ट्याबाहेर असताना कितीही बोलले, रडले किंवा ध्यान केले तरी त्यातून काही पचत नाही. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 1992 च्या आपल्या ग्रंथात सावरण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत: आधी सुरक्षितता, मग स्मरण आणि शोक, आणि त्यानंतर माणसांशी पुन्हा नाते जोडणे. पुढील सगळे विवेचन पहिल्या टप्प्यावर रेंगाळणारे आहे, आणि ते हेतुपुरस्सर आहे, कारण आपल्याकडे या टप्प्याला वेळ देण्यापूर्वीच दुसऱ्या टप्प्याची घाई होते.

ज्या बौद्ध परंपरेतून ध्यानाचा हा प्रकार आला, तिला हा धोका ठाऊक नव्हता असे समजण्याचे कारण नाही. थेरीगाथेत जिच्या गाथा आहेत त्या पटाचारेची कथा अट्ठकथेत विस्ताराने येते: पती, दोन मुले, आईवडील आणि भाऊ यांचा मृत्यू एकामागोमाग पाहिलेली ही स्त्री अंगावरील वस्त्राचे भान हरपून श्रावस्तीत भटकत असताना बुद्धांसमोर येते, आणि ते तिला प्रथम हरवलेली 'सति', म्हणजे भान, परत मिळवण्यास सांगतात, भानावर आल्यावर तिला लाज वाटते, कोणीतरी अंगावर घ्यायला आपले वस्त्र देतो, आणि उपदेश त्यानंतर होतो. आधी भान, मग आच्छादन, मग शब्द हा क्रम आजच्या कोणत्याही आपत्कालीन समुपदेशकाने अभ्यासावा असा आहे. पुढे पटाचारेला अंतर्दृष्टी लाभते तीही पाय धुतलेले पाणी उतारावरून वाहत जाताना पाहून. म्हणजे तिचे लक्ष प्रथम स्थिरावते ते शरीराबाहेरच्या, साध्या, निरुपद्रवी गोष्टीवर.

संयुत्त निकायातील एका सुत्तात आणि विनयपिटकातही याहून कठोर नोंद आहे. वैशाली येथे शरीराच्या अशुभतेवर ध्यान करण्याचा उपदेश ऐकून, बुद्ध पंधरवडाभर एकांतात असताना, अनेक भिक्षूंना देहाची इतकी घृणा आली की त्यांनी जीवन संपवले. परतल्यावर हे कळताच बुद्धांनी श्वासाच्या जाणिवेचे, म्हणजे आनापानाचे, ध्यान शिकवले. ध्यानाने अपाय होऊ शकतो, आणि अपाय दिसताच पद्धत बदलावी लागते, याची इतकी प्रांजळ कबुली दुसऱ्या एखाद्या धर्मपरंपरेच्या मूळ ग्रंथांत क्वचितच सापडेल. पुढे बुद्धघोषाच्या 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाने ध्यानाचे चाळीस विषय सांगितले आणि रागप्रधान, द्वेषप्रधान, मोहप्रधान अशा स्वभावभेदांनुसार ते निवडावेत असे बजावले. या ग्रंथाच्या चिकित्सक संपादनासाठी आयुष्यातील उमेदीची वर्षे वेचणारे धर्मानंद कोसंबी (1876–1947) हे गोव्यातील साखवाळचे, आणि त्यांनी 'समाधिमार्ग' लिहून हा विषय मराठीत आणला. सर्वांना एकच श्वास आणि एकच आसन देणारी आजची शिबिरे या जुन्या विवेकापेक्षा मागे आहेत, असे म्हणावे लागते.

महाराष्ट्रात ध्यान सामान्य माणसापर्यंत नेण्याचे श्रेय निःसंशय सत्यनारायण गोयंका यांच्याकडे जाते. ते 1969 साली म्यानमारहून भारतात आले, 1976 मध्ये इगतपुरीला 'धम्मगिरी' उभे राहिले, आणि जातपात न पाहता, शुल्क न घेता विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरे भरू लागली. या शिबिरांत साधक मौन पाळतो, पहिले तीन दिवस श्वासावर आणि चौथ्या दिवसापासून अंगभर उमटणाऱ्या संवेदनांवर लक्ष ठेवतो, आणि कोणतीही संवेदना आली तरी समभावाने पाहण्याचा प्रयत्न करतो. अनेकांना याने आयुष्य सावरता आले. तथापि ताज्या आघातातून जाणाऱ्या माणसासाठी या रचनेतील प्रत्येक घटक, म्हणजे दीर्घ मौन, मिटलेले डोळे, घरापासून तोडलेला संपर्क आणि आली ती संवेदना पाहत राहण्याचा आग्रह, त्या मधल्या पट्ट्याबाहेर ढकलणारा ठरू शकतो. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये, अशी सूचना विपश्यनेच्या आयोजकांनी स्वतःच दिलेली आहे आणि ती गांभीर्याने वाचली पाहिजे. दुःखी माणसाला 'दहा दिवस जाऊन ये, बरं वाटेल' असा सल्ला नातेवाईक मायेनेच देतात. पण येथे माया आणि योग्य वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधुनिक संशोधनाचा निष्कर्षही संयत आहे. जॉन कबात-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सजगता-कार्यक्रम सुरू केला, तो मुळात जुनाट वेदनेच्या रुग्णांसाठी. 2015 साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात 116 माजी सैनिकांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला, ज्यात हा कार्यक्रम आणि वर्तमानातील अडचणींवर बोलणारी गटचिकित्सा यांची तुलना केली होती; दोन महिन्यांनंतर सजगता-गटातील सुमारे 49 टक्क्यांना स्वतःच्या सांगण्यानुसार लक्षणीय आराम होता, तर दुसऱ्या गटात ते प्रमाण 28 टक्के होते, पण निदान नाहीसे होण्याच्या बाबतीत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. म्हणजे त्रास सोसण्याची रीत बदलली, त्रास संपला नाही. ब्राउन विद्यापीठातील अभ्यासकांनी 2017 मध्ये ध्यान करणाऱ्यांच्या अवघड अनुभवांची विस्तृत नोंद केली. तिच्यात भीती, निद्रानाश आणि जुन्या आघाताच्या स्मृती उसळून येणे यांचा समावेश आहे. जो शिक्षक या नोंदी वाचणार नाही, त्याने आघातग्रस्तांना ध्यान शिकवू नये, इतके स्पष्ट म्हणण्यास हरकत नसावी.

शेतकरी आत्महत्येने उजाड झालेल्या घरातील स्त्रीच्या बाबतीत 'स्मरण' या शब्दाला एक वेगळीच बाजू येते. 2006 च्या शासननिर्णयानुसार अशा कुटुंबाला एक लाख रुपयांचे साहाय्य मिळते, त्यातील 30 हजार रोख आणि 70 हजार ठेवीच्या रूपात. मात्र मृत्यू कर्जबाजारीपणामुळे झाल्याचे सिद्ध व्हावे लागते, आणि प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे समिती ठरवते. पंचनाम्यापासून तहसीलपर्यंत त्या स्त्रीला तीच घटना पुन्हा पुन्हा, दर वेळी दुसऱ्याच्या सोयीच्या क्रमाने आणि दुसऱ्याच्या प्रश्नांना उत्तर म्हणून सांगावी लागते: शेवटचे काय बोलला, बाटली कोठे होती, दारू प्यायचा का. तिची आठवण सरकारी फाइलीचा कागद होते, आणि तिला आठवणे व सिद्ध करणे यांत भेद राहत नाही. अशा स्त्रीला पुढे कोणी समुपदेशक भेटला आणि त्यानेही 'काय झाले ते मोकळेपणाने सांगा' म्हणून सुरुवात केली, तर तिच्या दृष्टीने ती आणखी एक चौकशी ठरते. सजगतेच्या अभ्यासाचे येथे खरे मोल असे की त्यात काहीही सांगावे लागत नाही. घटनेचा उच्चार न करता, केवळ आत्ता या क्षणी हाताला काय लागते, कानावर काय पडते एवढ्यावर काही मिनिटे थांबता येते, आणि बोलायचे की नाही, केव्हा आणि कोणाशी, हा निर्णय तिच्याकडे परत जातो.

लक्ष कोठे ठेवायचे, हा म्हणूनच तांत्रिक तपशील राहत नाही. पाश्चात्त्य हस्तपुस्तिकांत घाबरलेल्या माणसाला पावले जमिनीवर टेकवून जमिनीचा आधार अनुभवण्यास सांगितले जाते, आणि बहुतेक ठिकाणी तो सल्ला उत्तम आहे. हिंगोली जिल्ह्यात तो तपासून घ्यावा लागतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. त्या वेळच्या पिढीत मराठवाडाभर कित्येक दिवस माणसे अंगणात झोपली. पुढे हिंगोली जिल्ह्यातच वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात जमिनीखालून गूढ आवाज येण्याच्या तक्रारी अनेक वर्षे होत राहिल्या, आणि 21 मार्च व 10 जुलै 2024 रोजी सकाळी जिल्ह्याला 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. जीवितहानी झाली नाही म्हणून वृत्तपत्रांनी दिलासा व्यक्त केला, पण ज्या माणसाच्या मनात 1993 आहे त्याच्यासाठी 'जमिनीचा आधार घ्या' ही सूचना शांत करणारी राहीलच असे नाही. पायाखालची जमीन हीच त्याच्या भीतीची जागा आहे.

श्वासाचेही तसेच. विषबाधेतून वाचलेला, गळफासातून सोडवलेला किंवा असा प्रसंग डोळ्यांनी पाहिलेला माणूस श्वासाकडे लक्ष देताच गुदमरू शकतो, आणि मग 'मला ध्यानही जमत नाही' हे आणखी एक अपयश तो पदरी बांधून घेतो. आधारासाठी त्याला दुसरे काही द्यावे लागते, आणि ते दूर शोधावे लागत नाही. सुपात तूर निवडणाऱ्या, वाती वळणाऱ्या, हळदीचे कंद सोलणाऱ्या बोटांचा स्पर्श. बांधावरून चालताना एकामागून एक पडणारी पावले. डोळे उघडे ठेवून समोरच्या कडुनिंबाच्या फांद्या पाहणे. दुरून येणारा मोटारपंपाचा एकसुरी आवाज. याच जिल्ह्यातील नर्सी हे संत नामदेवांचे गाव म्हणून ओळखले जाते आणि या मुलखात नामस्मरण व सामुदायिक भजन यांची सवय शतकांची आहे. भजन आणि सजग ध्यान एकच नव्हेत, कारण भजनात भक्ती आणि देव आहे. परंतु टाळाच्या ठेक्यावर लक्ष परत परत आणणे, आवाज लांबवताना उच्छ्वास आपोआप दीर्घ होणे आणि शेजारी माणूस बसलेला असणे या तीन गोष्टी घाबरलेल्या शरीराला एकाकी मौनापेक्षा पुष्कळदा अधिक मानवतात. सुरुवातीचा अभ्यास दोन-तीन मिनिटांचा, उजेडात, दार उघडे ठेवून, ओळखीच्या माणसाच्या सोबतीने व्हावा. केव्हाही थांबण्याची, उठून जाण्याची, पाणी पिण्याची मुभा शब्दांत सांगितलेली असावी. आणि आठवण उसळलीच तर तिच्यात उतरण्याऐवजी नजर फिरवून भोवतालच्या वस्तूंची नावे घेण्यास मदत करावी. स्मृतीला किंचित स्पर्श आणि लगेच सुरक्षित गोष्टीकडे परत, असे येणेजाणे महिनोन्महिने चालले म्हणजे तो अरुंद पट्टा हळूहळू रुंदावतो. घाईने खणलेल्या विहिरीचे काठ ढासळतात, हे या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही: ज्याचे दुःख बाजारभाव, सावकारी आणि पीकविम्याच्या नाकारलेल्या दाव्यांतून जन्मते, त्याला श्वास पाहायला शिकवणे म्हणजे अन्याय निमूट सोसायला शिकवणे नव्हे काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दुःखाचा विचार व्यक्तीच्या मनापुरता ठेवला नाही. माणसाने माणसाला दिलेले दुःख आणि त्याचे निवारण त्यांनी धम्माच्या केंद्रस्थानी आणले. बौद्ध लोकवस्ती मोठी असलेल्या या जिल्ह्यात ध्यानाविषयी बोलणाऱ्याने ही भूमिका समजून घेतलीच पाहिजे. आक्षेपाचे उत्तर असे की भान परत आलेला माणूस अधिक सोशिक होतो असे गृहीत धरण्याचे कारण नाही. बधिरता हीच खरी सोशिकता असते, आणि संताप मधल्या पट्ट्यात राहिला तर तो अर्ज लिहू शकतो, मोर्चात चालू शकतो, बँकेत जाऊन हिशेब मागू शकतो. तरीही जो कार्यक्रम कर्जाचा प्रश्न बाजूला ठेवून फक्त ध्यान देऊ करतो, तो अपुरा आहे, आणि त्याला नकार देण्याचा गावाचा हक्क मान्य करावा.

हा अभ्यास गावापर्यंत पोचवणार कोण, हा प्रश्न उरतो. मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी असतो, आणि तेथवर जाण्यात एक दिवसाची मजुरी बुडते. टेली-मानस ही 14416 क्रमांकावरील सेवा ऑक्टोबर 2022 पासून उपलब्ध आहे, आणि आत्महत्येचे विचार, खंडित झोप किंवा दारूचा आधार वाढत असल्यास ध्यानाची वाट न पाहता तिचा किंवा जिल्हा रुग्णालयाचा उपयोग करावा. विदर्भात अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत 'विश्राम' प्रकल्पाने प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांमार्फत काम केले, तेव्हा नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 वरून 27.2 टक्क्यांवर गेले. घरापर्यंत येणारा ओळखीचा माणूस किती फरक पाडतो, हे त्यातून दिसते. महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील 14 जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, त्यात हिंगोली आहे, आणि त्याचा भार मुख्यतः आशा स्वयंसेविकांवर आहे. आशाताई ज्या घरी प्रश्नावली घेऊन जाते ते घर बहुधा तिच्या भावकीतले किंवा गल्लीतले असते. गेलेला माणूस तिचा दीर, चुलता किंवा शाळेतला सोबती असू शकतो, आणि दिवसभर ऐकलेले सगळे घेऊन ती आपल्या घरी स्वयंपाकाला लागते. लसीकरण, बाळंतपणे, सर्वेक्षणे यांच्या जोडीला ध्यानाची आणखी एक जबाबदारी तिच्यावर टाकण्यापूर्वी हा अभ्यास प्रथम तिच्यासाठी, तिच्या कामाच्या वेळेत आणि मोबदल्यासह व्हावा. तिला स्वतःला कोणता आधार मानवतो, कोणता बोचतो, केव्हा थांबावेसे वाटते हे तिने अनुभवले, की दुसऱ्या घरातील बाईला 'डोळे मिटू नका, नुसत्या शेंगा सोलत बसू' असे ती कोणत्याही प्रशिक्षकापेक्षा अधिक नेमकेपणाने सांगू शकेल. पुढील प्रकरणांतील अभ्यासांची मांडणी या आशाताईला समोर ठेवून, तिच्या वेळापत्रकात बसतील अशा लांबीने, केलेली आहे.